शिकवलं तर हात बिघडेल का? (कोल्हापूरच्या एका मामाची व्यक्तिचित्रं)

उद्यमनगरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज विषय घरचा आहे म्हणून लिहितोय.

माझा थोरला मामा पॅटर्नमेकर. शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा वाळूचा साचा उठवतात ते नमुने) करण्यात हयात गेली. आता निवृत्त आहे, मंगळवार पेठेत असतो. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेत एलिमेंटरीला बसला होता, तेवढंच. त्यातही स्थिरचित्राच्या पेपरात तांब्या सोडून पुढच्या बाकावरच्या पोराचं डोकं काढून आला, असं आजी सांगायची. निकाल काय लागला असेल ते ओळखा.

निवृत्तीनंतर तो माणसांची तोंडं रंगवायला लागला. फक्त माणसं. रंकाळा नाही, गणपती नाही, बैलजोडी नाही. गल्लीतला इस्त्रीवाला, गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढणारे, तालमीतले वस्ताद, भाजी घेऊन येणाऱ्या मावशी. पेन्सिल लावतच नाही. प्लायच्या तुकड्यावर सरळ रंग. सुरुवात बहुतेक ओठाच्या कोपऱ्यापासून, कधी कानापासून, आणि तिथून चेहरा पसरत जातो. ब्रश नावाला, चिंधी आणि अंगठा जास्त. मी एकदा विचारलं, आधी काय ठरवतोस? म्हणाला, "ठरवत न्हाई. हात जातोय तिकडं जाऊ देतो. चुकला की पुसतो."

ओळखीच्या एका चित्रकारांनी परवा ही चित्रं पाहिली. रविवारी त्यांचा व्यक्तिचित्रणाचा क्लास असतो, तिथं फुकट येऊन बसा म्हणाले. मामी म्हणते जा. मला मात्र धास्ती वाटते. आत्ता जे येतंय ते आपसूक येतंय. उद्या मापं, प्रमाणं, छायाप्रकाश डोक्यात घुसले आणि हात अडखळायला लागला तर? या वयात पहिलंही गेलं आणि दुसरंही आलं नाही, असं व्हायला नको.

तीन चित्रांचे फोटो देतोय: इस्त्रीवाला, वस्ताद, शेजारच्या काकू. जाणकारांनी स्पष्ट लिहावं.

पांढरा_रस्सा

नाद खुळा! वस्तादांचं चित्र बघून मी खुर्चीतनं उठून उभा राहिलो. कान बघा राव, मोडलेल्या कानाची एकेक वळी आलीय. क्लासबिस काही नको. मामांना रंग आणून द्या आणि गप बसा.

चित्रमास्तर

मी कलाशिक्षक. ए.टी.डी., मग जी.डी. आर्ट, मग शाळा. त्यामुळे माझं मत ठरलेलंच असणार असं समजून वाचा.

आधी चित्रांबद्दल. इस्त्रीवाला फार चांगला आहे. खाली बघणाऱ्या माणसाच्या पापणीची जाडी सहसा कुणी रंगवत नाही, इथे ती आहे. वस्तादांचा कान आणि भुवई उत्तम. पण नजर जरा खाली उतरवा. तिन्ही चित्रांत मान खांद्यावर बसलेली नाही, वरून ठेवल्यासारखी दिसते. इस्त्रीवाल्याचे हात म्हणजे हातमोजे. काकूंचा लांबचा डोळा जवळच्या डोळ्याएवढाच काढलाय, चेहरा वळला की तो अरुंद दिसायला हवा. जिथे जीव गुंतलाय तिथे हात चाललाय, बाकीचं अंग उरकलंय. या जागा कुणीतरी बोट ठेवून दाखवल्याशिवाय आपल्या आपल्याला दिसत नाहीत. मी स्वतः ते वर्षानुवर्षं मुलांच्या वह्यांत बघतोय.

दुसरं म्हणजे कोल्हापूरला 'शिकला नाही म्हणून मोठा झाला' या गोष्टीचं भारी वेड आहे. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे.जे. आर्ट स्कूलमध्ये शिकून आले होते, मग शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार झाले. चित्रकार आणि सिनेदिग्दर्शक बाबूराव पेंटर कुठल्या आर्ट स्कूलला गेले नाहीत हे खरं. पण त्यांच्या घरातच कारागिरी होती. वडील कृष्णराव मेस्त्री हरहुन्नरी कारागीर, जोडीला सख्ख्या भावासारखा वावरणारा आनंदराव. दोघांनी मिळून नाटकाचे पडदे रंगवले. पडदा रंगवताना चुकलं तर नाटक कंपनीचा मालक लगेच सांगतो. त्याला तुम्ही शिक्षण म्हणणार नाही का?

तिकटी

मास्तर, मान आणि हात मान्य. बाकीचं अर्धंच मान्य.

घरात कारागिरी होती, पडदे रंगवले, हे सगळं खरं. पण तिथे कुणी 'डोळा असा, नाक असं' म्हणून शिकवलं नाही. काम समोर आलं, ते केलं. राजा रविवर्मांचं उदाहरण घ्या. त्रावणकोर दरबारात थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार आला होता. तो शिकवायला राजी नव्हता, काम करताना बघू दिलं तेवढंच. रविवर्मांनी तेलरंग बघून बघून उचलला. आता बघून उचलणं आणि वर्गात बसून 'हे चूक, हे बरोबर' ऐकणं यात फरक आहे की नाही? धागाकर्त्याची भीती दुसऱ्या प्रकाराची आहे.

माझा धाकटा भाऊ लहानपणी भन्नाट चेहरे काढायचा. क्लास लावला. तिथे पहिलं वर्ष ठोकळे आणि बाटल्या. दुसऱ्या वर्षी त्यानं चित्रं काढणंच सोडलं. आता तो विमा विकतो. क्लासमुळेच सोडलं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण ठोकळ्यांनी हातभार लावला एवढं नक्की.

चित्रमास्तर

@तिकटी, वर्षभर ठोकळे काढायला लावणारा शिक्षक वाईट. त्याचं खापर शिक्षणावर कशाला?

कट्टेकरी

विमा विकायला पण चेहरा वाचायला लागतो. शिक्षण वाया गेलेलं नाही 😄

दूरदेशी

कोल्हापूर सोडून बरीच वर्षं झाली, पण असा धागा दिसला की राहवत नाही.

पॅरिसमध्ये हेन्री रूसो नावाचा एक चित्रकार होता (१८४४ ते १९१०). नोकरी जकात नाक्यावर, चित्रकला कुणाकडे शिकला नाही, चाळिशीच्या आसपास नेटानं रंगवायला लागला. लोक हसायचे. पुढे पिकासोसारख्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याच्याही चित्रांत माणसांचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत. तेच त्याचं वैशिष्ट्य म्हणून आज बघितलं जातं. मामांची मान खांद्यावर बसत नसेल तर नाही बसत!

पांढरा_रस्सा

जकात नाक्यावरचा माणूस? दूरदेशी, तुम्ही गाव सोडल्यानंतर इथं टोलविरोधी आंदोलनात काय झालं ते ठाऊक आहे ना? नाक्यावर बसणाऱ्याचं कौतुक कोल्हापुरात जपून करा.

तिकटी

😂😂

चित्रमास्तर

@दूरदेशी, रूसोनं जंगलं रंगवली, स्वप्नं रंगवली. त्याच्या वाघाला कुणी 'तू वाघासारखा दिसत नाहीस' म्हणत नाही. मामा ओळखीच्या माणसाचा चेहरा करतायत. तिथे समोरचा माणूस आणि चित्र शेजारी ठेवून बघणारी अख्खी गल्ली आहे. व्यक्तिचित्रात सुटका नसते.

बॅनरवाल्याची_लेक

माझे वडील सिनेमाची बॅनर रंगवायचे, म्हणून दोन शब्द.

फ्लेक्स यायच्या आधी कोल्हापुरात हा मोठा धंदा होता. कापड ताणायचं, पांढऱ्याचा हात द्यायचा, खडूच्या दोरीनं चौकटी मारायच्या. हातातल्या छोट्या फोटोवरही तेवढ्याच चौकटी. मग एकेक चौकट मोठी करत जायची. बाबा शिडीवर नायिकेच्या नाकासमोर उभे असायचे, नाक त्यांच्या छातीएवढं. खालून मी ओरडायचे, 'बाबा, डावा डोळा वर गेलाय!' ते खाली यायचे, रस्त्यापलीकडे जाऊन डोळे बारीक करून बघायचे आणि परत चढायचे. माझी चूक निघाली तर आइस्क्रीम रद्द.

एकही दिवस ते आर्ट स्कूलला गेले नाहीत. पण 'आपसूक येतं' असं कुणी म्हटलं की चिडायचे. म्हणायचे, उस्तादाचे डबे धुतल्याशिवाय ब्रश हातात मिळाला नव्हता. आपल्या कोल्हापूरचे जी. कांबळे बॅनर रंगवता रंगवताच मोठे झाले, आणि शिवछत्रपतींचं शासनमान्य चित्र त्यांच्या हातचं आहे. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते. त्या सगळ्या लोकांना कुणी चित्रकार म्हणत नव्हतं तेव्हा पेंटर म्हणत होतं, आणि पेंटरला दिवस भरला की चित्र द्यावंच लागायचं. हाताला वळण लागतं ते त्यानं.

मामांच्या इस्त्रीवाल्याला माझ्या बाबांनी शंभरपैकी नव्वद दिले असते. दहा हातांसाठी कापले असते.

गुळाचा_खडा

काकूंचं चित्र मला सगळ्यात आवडलं आणि त्यावर कुणीच बोललं नाही. गालावरचे वांग, एका बाजूला झुकलेलं हसू, चष्म्याच्या काड्यांनी नाकावर पडलेले खड्डे. काकूंनी ते घरात लावलंय का?

उद्यमनगरी

@गुळाचा_खडा, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. काकूंनी चित्र बघितलं, चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की 'भाऊजी, रंग जरा उजळ करा आणि वांग काढा, मग न्यायला येते.' मामा म्हणाला, वांग काढले तर तुम्ही कुठं राहता त्यात? चित्र अजून मामाच्या माळ्यावर आहे. दोन्ही घरांचं बोलणं सुरू आहे, पण विषय निघत नाही.

बावड्याची

काकूंची बाजू घ्यायला कुणीतरी हवं म्हणून लॉगिन केलं.

आमच्या सोप्यात पणजोबांपासूनची चित्रं ओळीनं लावलीत. सगळे गोरे, सगळ्यांच्या मिशा भरगच्च, फेटा कोल्हापुरी. प्रत्यक्षात घराणं काळंसावळं, आणि आजोबांना मिशी फुटलीच नव्हती असं आत्या सांगते. तरी त्या चित्रांना कुणी खोटं म्हणत नाही. आपण गेल्यावर हार चढणार त्या चित्राला, तिथे चार दिवस बरं दिसावं असं वाटणं यात गैर काय? दरबारी चित्रकारांनीही राजेलोकांचे वांग काढलेच असणार. काकूंनी मागितलं की लगेच त्यांना कलेची जाण नाही असं कशाला?

आणि बाईचा चेहरा 'जसा आहे तसा' काढायचा हट्ट पुरुष चित्रकारांना फार असतो. मामांनी स्वतःचं चित्र काढलंय का? टकलासकट?

उद्यमनगरी

काढलंय. टकलासकट. आणि दोन दात पडलेत तेही 🙂

बावड्याची

मग मामांना माफ.

जवसतेल

उजळ-काळ्याचा विषय निघालाय म्हणून रंगांबद्दल लिहितो. मी हौशी आहे, पण तेलरंगाची रसायनं हा माझा छंद.

दुकानात 'फ्लेश टिंट' म्हणून मिळते ती गुलाबट ट्यूब आपल्याकडच्या कातडीला उपयोगाची नाही. मामांच्या पॅलेटचा फोटो दिसतोय त्यात ती नाही, हे बघून आनंद झाला. पिवळी माती, एक तांबडा, काळा आणि पांढरा दिसतोय. स्वीडनचा अँडर्स झोर्न जवळजवळ एवढ्याच चार रंगांवर व्यक्तिचित्रं करण्यासाठी प्रसिद्ध आहे. पांढऱ्यात काळा मिसळला की तो मातकट रंगांशेजारी निळसर दिसतो, त्यामुळे वेगळ्या निळ्याची गरज भासत नाही. वस्तादांच्या कपाळावर जी थंड, निळसर चमक आहे ती तशीच आलीय. उन्हात रापलेल्या काळ्या कपाळावर आभाळाचा उजेड असाच पडतो. मामांनी झोर्नचं नाव ऐकलं नसेल. त्यांच्याकडे चारच डबे असतील म्हणून हे झालं असेल. कसंही झालं असो, बरोबर झालंय.

आता काळजीचं. फोटो मोठा करून बघितला तर काकूंच्या पदराच्या रंगात बारीक भेगा आहेत. @उद्यमनगरी, मामा रंग पातळ कशानं करतात? मागचा भाग कशानं रंगवतात?

उद्यमनगरी

पातळ करायला रॉकेल. मागं दाराला लावायचा उरलेला ऑइलपेंट. त्यावर ट्यूबचे रंग.

जवसतेल

वाटलंच.

मग क्लासला पाठवा किंवा पाठवू नका, पण एवढं मामांना वाचून दाखवा.

तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि त्याला आठवडे, महिने लागतात. म्हणून खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात जास्त, हा नियम. खाली तेलकट, हळू वाळणारा थर आणि वर पातळ, पटकन वाळणारा थर दिला तर वरचा आधी आवळतो, खालचा नंतर हलतो, मधे भेग. दाराच्या रंगावर ट्यूबचा रंग नीट धरतही नाही, काही वर्षांनी पोपडा निघू शकतो. रॉकेलाऐवजी टर्पेंटाइन. प्लायला आधी दोन्ही बाजूंनी अस्तर द्या, एकाच बाजूनं दिलं तर पावसाळ्यात फळी वाकते. कोल्हापूरचा पावसाळा कसला असतो ते मी सांगायला नको. वार्निशची घाई नको, निदान सहा महिने जाऊ द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मामा चिंधी वापरतात. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्याच्या आत ती कोंडते आणि काडी न लावता पेट घेतो. हे खरंच घडतं. चिंध्या दोरीवर पसरून वाळवा, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून मग टाका. माळ्यावर लाकूडफाटा, रॉकेल आणि चिंध्या एकत्र असतील तर आजच खाली उतरवा.

उद्यमनगरी

वाचल्या वाचल्या मामीला फोन केला. चिंध्या पोत्यात होत्या. पोतं आता परसात आहे. धन्यवाद म्हणू तेवढं कमी.

चित्रमास्तर

@जवसतेल, अप्रतिम प्रतिसाद. हेच मी म्हणत होतो. हात कितीही तयार असला तरी ही माहिती हाताला आपोआप कळत नाही.

सुतारपक्षी

इतका वेळ वाचत होतो. एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही म्हणून लिहितो. मी मेकॅनिकलवाला, फाउंड्रीत काम केलंय.

पॅटर्नमेकर म्हणजे काय ते आधी समजून घ्या. त्याच्यासमोर सपाट कागदावरचं ड्रॉइंग असतं. त्यावरून त्याला लाकडात गोल वस्तू उभी करायची असते. बीड (ओतीव लोखंड) ओतल्यावर थंड होताना आकसतं, साधारण एक टक्का, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्याची मोजपट्टीसुद्धा आकसण धरून आखलेली असते. वाळूतून पॅटर्न अलगद सुटावा म्हणून प्रत्येक उभ्या बाजूला किंचित उतार ठेवावा लागतो. आतल्या पोकळीसाठी कोअरबॉक्स करताना सगळं उलटं, जिथे वस्तू तिथे खड्डा. कोपरे काटकोनात सोडले तर ओतकाम तिथे फुटतं, म्हणून आतल्या कोपऱ्यांत मेण किंवा चामड्याची पट्टी बसवून गोलाई द्यायची. आणि ते मेण, फटीत भरायची लांबी (पुट्टी) दाबून गुळगुळीत कशानं करतात? अंगठ्यानं.

आता वस्तादांचं नाक परत बघा. नाकपुडी गालाला मिळते तिथली गोलाई, भुवईच्या हाडाखालचा उतार. हा माणूस आयुष्यभर डोळ्यानं खोली मोजत आलाय. तो रेघेपासून सुरुवात करत नाही कारण त्याच्या धंद्यात रेघ नसते, पृष्ठभाग असतो. तुम्ही ज्याला उपजत म्हणताय त्याला माझ्या मते चाळीस वर्षं पगार मिळालाय.

मान का बसत नाही याचंही कारण मला तेच वाटतं. पॅटर्न जोडरेघेवर दोन तुकड्यांत करतात. डोकं एक तुकडा, धड दुसरा.

तिकटी

वा! शेवटचं वाक्य जरा ओढून ताणून आहे, पण वा!

बॅनरवाल्याची_लेक

सुतारपक्षी, हे वाचून बाबांची आठवण आली. घरी एक आरसा होता, चित्र पूर्ण होत आलं की त्याच्याकडे पाठ करून आरशात बघायचे. उलटं दिसलं की वाकडेपणा लगेच कळतो. मामांना हे सांगा. यात हात बिघडायचा प्रश्नच नाही.

पैलवान_निवृत्त

चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही. वस्तादांचं चित्र कुणीतरी गटावर टाकलं म्हणून इथं आलो.

तालमीतलं सांगतो. काही पोरं अंगात डाव घेऊनच येतात. खेड्यात शेतात, ओढ्यात खेळून आलेली. अशा पोराला चांगला वस्ताद पहिले सहा महिने डाव शिकवत नाही. त्याला खेळू देतो, बघतो, आणि तो कुठं चितपट होतो तेवढीच जागा बांधतो. वाईट वस्ताद पहिल्या दिवशी त्याचा पवित्रा बदलतो. पोरगं ना स्वतःचं खेळतं ना वस्तादाचं. मामांना पाठवा, पण आधी जाऊन वस्ताद बघून या.

चित्रमास्तर

पैलवानसाहेब, इतक्या लांबलचक वादात तुम्ही पाच ओळीत विषय संपवलात. मी काय म्हणत होतो ते मलाच आत्ता नीट कळलं.

अविश्वासी

विषय संपलेला नाही. सगळेच गोड बोलताय म्हणून कडू बोलतो. 'शिकला नाही तरी भारी काढतो' या कौतुकात एक सवलत लपलेली असते. हीच तीन चित्रं कला महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलानं काढली असती तर तुम्ही 'बरी आहेत' म्हणून पुढे गेला असता. मामांचं वय आणि फाउंड्री काढून चित्रं बघा. कान उत्तम, पापणी उत्तम, बाकी मध्यम. त्यांना खरा मान द्यायचा असेल तर सवलत काढून घ्या.

गुळाचा_खडा

@अविश्वासी, शेवटच्या वर्षाच्या मुलानं वांग काढले असते का पण? त्याला मार्क हवे असतात.

अविश्वासी

तो मुद्दा आहे. घेतला.

दूरदेशी

थोडं विषयांतर. डिसेंबरात येतोय. मामांना घेऊन कोल्हापुरात जुनी चित्रं बघायला जायचं तर कुठे जावं?

तिकटी

टाऊन हॉल म्युझियम आधी. आबालालांची चित्रं तिथे आहेत. शाहू महाराज गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थात बुडवली अशी गोष्ट सांगतात, त्यामुळे उरलेली बघताना जरा गलबलून येतं. मग राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय. सिनेनट म्हणून सगळ्यांना माहीत, पण त्यांची पावडर शेडिंगची चित्रं बघा. ब्रश नाही, पावडर बोटानं आणि कापसानं चोळायची. मामांचा अंगठा बघता त्यांना हे आवडेल. वेळ उरला तर दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात काय लागलंय ते डोकावून या, काही ना काही चालू असतं.

कट्टेकरी

आणि मधे मिसळ. यादीत लिहायला विसरला ते लिहितो.

पांढरा_रस्सा

मिसळ कुठली यावर वेगळा धागा काढा. इथं दंगल नको.

उद्यमनगरी

मंडळी, वृत्तांत देतो.

पैलवानांचा सल्ला ऐकून आधी मी एकटाच क्लासला जाऊन बसलो. सर कमी बोलतात, मुलांच्या चित्रावर स्वतःचा ब्रश लावत नाहीत. हे बघून मामाला पाठवलं.

पहिल्या रविवारी प्लास्टरचं डोकं समोर ठेवलं होतं, सगळ्यांनी कोळशानं तेच काढायचं. मामानं डोक्याभोवती एक चक्कर मारली आणि साच्याची जोडरेघ कुठून कुठे जाते ते कानामागे बोट लावून सरांना दाखवलं. सर इतकी वर्षं ते डोकं वापरतायत, त्यांना माहीत नव्हतं. मग मामानं कोळसा हातात घेतला, दोन रेघा मारल्या, बोटानं पुसल्या, 'हे माझं काम न्हाई' म्हणून खाली ठेवला. सरांनी जबरदस्ती केली नाही. त्याला पांढरा-काळा रंग आणि एक चिंधी दिली. तासाभरात डोकं उभं केलं. पोरं आपापलं सोडून मागे येऊन थांबली.

मान मात्र परत तशीच. सरांनी काय केलं, मामालाच खुर्चीत बसवलं आणि त्याचा हात त्याच्याच मानेवर ठेवून कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत जाणारा स्नायू चाचपायला लावला. मान वळवा म्हणाले, आता परत चाचपा. घरी आल्यावर दोन दिवस मामा येता-जाता मामीची मान बघत होता. मामी वैतागली.

दुसऱ्या रविवारी अस्तर कसं द्यायचं ते शिकला, त्यात मात्र मन लावून. रॉकेल बंद. आरसा आणलाय. हातांचं अजून काही खरं नाही. सर म्हणाले हात काढू नका, फळी लहान घ्या. मामाला ते पटलेलं नाही, तो म्हणतो इस्त्रीवाल्याचे हात न काढता इस्त्रीवाला कसा काढायचा.

हात बिघडला का? मला तरी दिसत नाही. वेग कमी झालाय. पूर्वी एका बैठकीत चेहरा व्हायचा, आता मधेच थांबून बघत बसतो. हे चांगलं की वाईट ते मला ठरवता येत नाही.

चित्रमास्तर

त्या सरांना माझा नमस्कार सांगा. मान चाचपायला लावण्याची कल्पना मी उद्यापासून शाळेत वापरणार.

तिकटी

थांबून बघत बसतोय याची मला थोडी भीती वाटते. तरी चार महिन्यांनी परत फोटो टाका, तेव्हा भांडू.

बावड्याची

काकूंचं काय झालं?

उद्यमनगरी

काकू चित्र घेऊन गेल्या. मामानं एकही वांग काढला नाही, पण भेगा पडलेला पदर खरवडून नव्यानं केला आणि साडीला जांभळा काठ दिला. काकूंना तो काठ आवडला. हॉलमध्ये नाही, आतल्या खोलीत लावलंय.

पैलवान_निवृत्त

एक काम होतं. आमच्या वडिलांचं चित्र करून हवंय. फोटो एकच, तोही रेशनकार्डावरचा. मामा करतील का? पैसे सांगतील ते.

उद्यमनगरी

पैलवान, मामा फोटोवरून करत नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, वडिलांच्या तोंडवळ्याचा भाऊ, चुलता कुणी असेल तर त्याला घेऊन या, त्याच्यावरून वडील काढतो. पैशाचं नंतर बघू म्हणतोय.

पैलवान_निवृत्त

चुलते आहेत, तोंडवळा तोच. पण बांधावरून त्यांचं आणि वडिलांचं शेवटपर्यंत बोलणं नव्हतं.

उद्यमनगरी

मामा म्हणतो बिनधास्त घेऊन या. फक्त येताना कुणाचं चित्र आहे ते चुलत्यांना सांगू नका, तोंड वाकडं करून बसले तर तसंच येईल.

कट्टेकरी

आणि चित्र बघून चुलते 'हे माझंच आहे' म्हणून घेऊन गेले तर परत बांधावरून सुरू 😄